इंग्रजी येत नाही म्हणून गटात गप्प कशाला बसायचे?

आज आम्ही बोलणार आहोत मोबाइलवरच्या गटांविषयी. पण गट कसा उघडायचा, फोटो कसा टाकायचा, हे तुम्हाला येते. आजचा प्रश्न वेगळा आहे. गटात आपण असतो, सगळे वाचतो, पण लिहीत काहीच नाही, कारण तिथली बोलणी इंग्रजीत चाललेली असतात. अशा ठिकाणी आपले म्हणणे कसे मांडायचे?

गांधीबाग परिसरातल्या आमच्या बचत गटांमध्ये बहुतेक जणी शिवणकाम करतात. कुणी कटपीसच्या पिशव्या शिवते, कुणी फॉल-पिको करते, कुणी गोधड्या शिवते, कुणाचा हात क्रोशावर बसलेला आहे. पूर्वी माल दुकानात नेऊन द्यायचा आणि मोकळे व्हायचे. आता ऑर्डर मोबाइलवर येते. शिवणकामाचे, भरतकामाचे मोठे गट फेसबुकवर आहेत, त्यात देशोदेशीच्या बाया आहेत. मुलांच्या शाळेचा गट आहे, सोसायटीचा गट आहे. आणि या सगळ्या ठिकाणी आपल्या बायांचे एकच उत्तर: अंगठा. समोरच्याने काहीही लिहिले की अंगठ्याचे चित्र टाकायचे आणि फोन बाजूला ठेवायचा.

या अंगठ्याची किंमत किती असते ते ऐका. आमच्या एका ताईंच्या पिशव्यांचा फोटो बाहेरगावच्या एका खरेदीदार बाईंना आवडला. त्यांनी गटात इंग्रजीत विचारले, "अस्तर आहे का? चाळीस नग किती दिवसांत मिळतील?" ताईंनी अंगठा टाकला. त्यांना वाटले, फोटो छान आहे असेच काहीतरी लिहिले असेल. दोन दिवसांनी ते काम दुसऱ्या गावच्या गटाकडे गेले. पिशवीला अस्तर होते आणि चाळीस नग आठवड्यात निघाले असते. सगळे होते, फक्त उत्तर गेले नाही. ताई म्हणाल्या, "काहून विचारलं नाही बाप्पा मी कोणाला!"

आधी मनातली भीती

पहिली गोष्ट आकड्यांची. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे अख्ख्या देशात किती होते? सुमारे २ लाख ६० हजार. म्हणजे आपल्या देशात जे कुणी इंग्रजी लिहितात, ते जवळपास सगळे ती नंतर शिकलेले आहेत. जगातही तेच आहे. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा, ती दुसरी-तिसरी भाषा म्हणून वापरणारे जास्त आहेत. त्या मोठ्या गटात ब्राझीलची बाई असेल, तुर्कस्तानची असेल, इंडोनेशियाची असेल. त्यांच्याही घरात इंग्रजी नाही.

दुसरी गोष्ट आपल्या गांधीबागेची. इथल्या कापड बाजारात एका काउंटरवर मराठी, हिंदी, मारवाडी, गुजराती, सिंधी सगळे ऐकू येते. आपण तिथे थान उलगडायला लावतो, पन्हा विचारतो, ठोकचा भाव वेगळा आणि चिल्लरचा वेगळा हे समजून घेतो, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत दहा रुपये कमी करून घेतो. आपले हिंदीचे व्याकरण बरोबर आहे की नाही, हे तिथे कुणी तपासते का? दुकानदाराला भाव कळला, आपल्याला माल कळला, व्यवहार झाला. मोबाइलवरचा गट म्हणजे असाच एक बाजार आहे. फरक एवढाच की तिथे बोट दाखवायला माणूस समोर नसतो, म्हणून बोटाचे काम शब्दांनी आणि फोटोंनी करावे लागते.

तिसरी गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची. तिथल्या बायांनी चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण बऱ्याच सभासद बायांना लिहिता-वाचता येत नव्हते. बाया परत गेल्या, अक्षरे शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. या गोष्टीत दोन धडे आहेत. जे येत नाही ते शिकायला लाज नाही. आणि जे येते ते मोठ्याने सांगायला तर मुळीच लाज नाही.

मोबाइलला मराठी शिकवू या

आता कामाचे. सुरुवात आपल्या फोनपासून करू. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ॲपची भाषा बदलण्याची सोय आहे, तिथे मराठी निवडा. बटणांची नावे मराठीत आली की अर्धी भीती जाते.

मग मराठी कीबोर्ड घ्या. टाइप करायला वेळ लागत असेल तर कीबोर्डवरच्या माइकच्या चित्रावर बोट ठेवून बोला. मराठीत बोलून लिहिण्याची सोय गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये आणली. बोलून झाले की पाठवण्याआधी एकदा वाचा, कारण शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी यंत्र काहीतरी वेगळेच लिहून ठेवते.

समोरच्याचे इंग्रजी वाचायचे असेल तर तीन रस्ते आहेत. फेसबुकवर बऱ्याच मजकुराखाली भाषांतर पाहण्याचे बटण येते, ते दाबा. दुसरा रस्ता, मजकूर कॉपी करून गूगल ट्रान्सलेटमध्ये टाका. त्यात मराठी २०१३ सालापासून आहे. तिसरा रस्ता, मजकूर फोटोत असेल, म्हणजे पत्रक, नियमांची यादी किंवा स्क्रीनशॉट, तर गूगल लेन्सने तो फोटो वाचून घ्या. केंद्र सरकारचे 'भाषिणी'ही आहे, ते २०२२ मध्ये सुरू झाले आणि त्यातही आपल्या भाषा आहेत.

यंत्र कुठे फसते

यंत्र म्हणजे आपल्या गटातली नवी मुलगी समजा. चटपटीत आहे, पण बाजारात कधी गेलेली नाही. तिच्यावर काम सोपवायचे, पण तपासूनच पुढे पाठवायचे.

ब्लाउजच्या वरच्या पट्टीला आपण 'योक' म्हणतो. इंग्रजीत त्याच शब्दाचा मूळ अर्थ बैलाच्या मानेवरचे जू. आमच्या एकीच्या मोबाइलवर ब्लाउजला जू जोडण्याची सूचना आली आणि ती डोके खाजवत बसली. साडीच्या 'फॉल'चा तिथे धबधबा होऊ शकतो. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. नागपूरची बाई 'सांबार टाका' असे लिहील आणि दूरची बाई भाजीत इडलीचे सांबार ओतेल. म्हणून यंत्राला द्यायचे वाक्य थोडे निवडून द्या. त्याचे नियम असे:

वाक्य छोटे ठेवा. एका वाक्यात एकच गोष्ट. 'पिशवी तयार आहे पण अस्तराचा कपडा आला नाही म्हणून बसले आहे' असे न लिहिता, 'पिशवी तयार आहे. अस्तर बाकी आहे.' असे लिहा.

'परवा' लिहू नका. मराठीत परवा म्हणजे होऊन गेलेलाही आणि येणाराही. यंत्राने उलटा अर्थ घेतला तर माल चार दिवस चुकतो. तारीख लिहा, आणि महिना अक्षरात लिहा. ५/६ लिहिले तर आपण ५ जून वाचतो, अमेरिकेतली बाई ६ मे वाचते.

'दीड', 'अडीच', 'पावणेदोन' यांऐवजी आकडे लिहा. दीड मीटर म्हणजे १.५ मीटर. लाख हा शब्द परदेशी लोकांना माहीत नसतो. १ लाख म्हणजे त्यांचे १०० हजार.

मापे दोन्हीत द्या. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. १ वार म्हणजे ३६ इंच, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर. नऊवारीची लांबी कुणी विचारली तर '९ वार, सुमारे ८.२ मीटर' असे सांगा.

बोलीतले वाक्य घरी ठेवा. 'मी शिवून राहिली' हे आपल्याला गोड लागते, यंत्राला कळेलच असे नाही. 'मी शिवत आहे' लिहा. आपली बोली कमी आहे म्हणून नाही, यंत्र अजून नागपूरला आलेले नाही म्हणून.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, उलट तपासणी. यंत्राने इंग्रजी करून दिले की तेच इंग्रजी पुन्हा त्याच्याकडून मराठीत करून घ्या. परत आलेले मराठी आपल्या मनातलेच असेल तर पाठवा. नसेल तर वाक्य बदला. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

मानाचे काय?

भाषांतर करताना एक गंमत होते, ती माहीत नसेल तर मने दुखावतात. मराठीत आपण आदर क्रियापदात ठेवतो. 'पाठव', 'पाठवा', 'पाठवावे', यातच मान कळतो. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण या सगळ्यांना एकच शब्द, 'यू'. त्यामुळे आपण आदराने 'फोटो पाठवा' लिहितो, आणि पलीकडे ते हुकूम केल्यासारखे पोहोचते. उपाय सोपा आहे. इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीला 'प्लीज' आणि शेवटी 'थँक यू' लावायचे. आपल्या 'पाठवा'मधला 'वा' म्हणजेच त्यांचा 'प्लीज'.

उलट दिशेनेही हेच. त्यांचा मजकूर मराठीत आला आणि त्यात 'तू मला सांग' असे दिसले, तर अपमान समजू नका. ते यंत्राचे काम आहे. इंग्रजीतल्या 'मी आले'लाही बाई-पुरुष नसतो, त्यामुळे यंत्र कधी आपल्याच वाक्याचे 'मी आलो' करून देते. हसा आणि पुढे चला.

आणखी एक. बऱ्याच जणी संदेशाची सुरुवातच 'माझे इंग्रजी वाईट आहे, माफ करा' अशी करतात. माफी कशाची? त्याऐवजी एक ओळ पाठ करून ठेवा किंवा फोनमध्ये साठवून ठेवा: 'आय राइट इन मराठी. प्लीज यूज शॉर्ट सेंटेन्सेस.' म्हणजे, मी मराठीत लिहिते, कृपया छोटी वाक्ये वापरा. यात समोरच्याला कळते की त्यानेही थोडे सोपे करायचे आहे.

समोरच्यानेही दोन पावले यावे

हा मुद्दा आपण रेडिओवर बोलतो आहोत म्हणून जास्त जवळचा आहे. ऑक्टोबर १९५९ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओने 'स्पेशल इंग्लिश' नावाचे कार्यक्रम सुरू केले. त्यांना माहीत होते की जगभरातल्या श्रोत्यांचे इंग्रजी जेमतेम आहे. श्रोत्यांनी शिकून यावे, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांनी स्वतःचे बोलणे बदलले. साधारण १५०० शब्दांत बातम्या सांगायच्या, वाक्ये छोटी ठेवायची, आणि बोलायचे नेहमीपेक्षा सावकाश. जगात कितीतरी लोक त्या कार्यक्रमांवर इंग्रजी शिकले.

म्हणजे समजण्याची सगळी जबाबदारी ऐकणाऱ्यावर नसते. तुमच्यापैकी कुणी गट चालवत असेल, शाळेचा असो, सोसायटीचा असो की बचत गटांचा, तर एवढे करा. सूचना दोन भाषांत द्या, आधी मराठी, मग हिंदी किंवा इंग्रजी. जोडशब्दांची आद्याक्षरे फोडून सांगा. 'एमओक्यू' म्हणजे कमीत कमी किती नग घ्यावे लागतील, 'सीओडी' म्हणजे माल हातात आल्यावर पैसे, 'डीएम' म्हणजे मला वेगळा संदेश करा. उत्तराला एक दिवसाची मुदत द्या, कारण भाषांतर करून, वाचून, विचार करून लिहायला वेळ लागतो. पाच मिनिटांत जी लिहील तिचेच खरे, असे झाले तर इंग्रजीवाल्याच बोलत राहतील. कुणाची भाषा चुकली तर चारचौघांत दुरुस्त करू नका. आणि कुणी मराठीत लिहिले तर तिला 'इंग्रजीत लिहा' सांगण्याऐवजी स्वतःच भाषांतराचे बटण दाबा.

शब्दांपेक्षा हाताचे काम मोठे

क्रोशाचे उदाहरण घ्या. आपण साखळी, मुका खांब, खांब म्हणतो. इंग्रजीत तर आणखी गोंधळ आहे. अमेरिकेतल्या बाया ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात, त्यालाच इंग्लंडच्या बाया 'डबल क्रोशे' म्हणतात. दोघी इंग्रजी बोलणाऱ्या, तरी एकमेकींचा नमुना विणताना चुकतात! यावर उपाय म्हणजे चिन्हांची आकृती. जपानी विणकामाच्या पुस्तकांत नमुने अशा आकृत्यांनी दाखवतात, आणि जपानीचे एक अक्षर न येणाऱ्या बाया जगभर त्यावरून विणतात.

आपणही तेच करायचे. प्रश्न विचारताना तीन फोटो टाका: पूर्ण वस्तू, अडलेली जागा जवळून, आणि मापासाठी शेजारी टेप. अडलेल्या जागेवर लाल गोल काढा. खाली एकच प्रश्न लिहा. अशा प्रश्नाला उत्तर लवकर येते, कारण वाचणाऱ्यालाही सोपे जाते.

आपल्याच देशातली एक मोठी गोष्ट सांगतो. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाच्या बायांनी ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत क्रोशाचे जगातले सर्वांत मोठे पांघरूण मांडले. त्याचे क्षेत्रफळ ११,१४८.५ चौरस मीटर होते, आणि गिनीजमध्ये त्याची नोंद झाली. या बाया जमल्या फेसबुकवर. घरोघरी वेगळी भाषा बोलणाऱ्या, पण चौकोन एकाच मापाचा विणायचा, हे सगळ्यांना कळले. चौकोन जुळले म्हणून पांघरूण झाले.

जोडी लावा

आमच्या गटांत एक पद्धत रुळली आहे. प्रत्येक बाईला एक जोडीदारीण. एकीचे हात चांगले, दुसरीला मोबाइल बरा येतो. आठवड्याच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले की पंधरा मिनिटे मोबाइलची. त्यात आठवड्यात न कळलेले संदेश एकत्र वाचतो, आणि नवा शब्द वहीत लिहितो. डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे आपला शब्द: 'लायनिंग' म्हणजे अस्तर, 'विड्थ' म्हणजे पन्हा, 'होलसेल' म्हणजे ठोक, 'रीटेल' म्हणजे चिल्लर. ही वही कुठल्याही शब्दकोशापेक्षा कामाची ठरते, कारण त्यातला प्रत्येक शब्द कुणाला तरी अडलेला असतो.

मुलगा किंवा मुलगी इंग्रजी शाळेत असेल तर त्यांची मदत जरूर घ्या. पण फोन त्यांच्या हातात देऊन बाजूला होऊ नका. 'तूच लिही' म्हणण्यापेक्षा 'मी लिहिते, तू बघ' म्हणा. नाहीतर मुलगा शिकवणीला गेला की आपली दुकानदारी बंद.

नव्या गटात गेलात तर पहिले आठ दिवस नुसते वाचा. वर लावून ठेवलेले नियम भाषांतर करून घ्या. मग दुसऱ्या कुणाच्या कामाचे एका ओळीत कौतुक करा. मग आपला फोटो टाका. सकाळच्या फुलांचे फोटो मात्र कामाच्या गटात नकोत.

सांभाळून

भाषा कळत नसली की फसवणे सोपे जाते, म्हणून हे लक्षात ठेवा. इंग्रजीत घाईचा संदेश आला, 'खाते बंद होईल', 'आत्ताच दाबा', तर बोट लावायचे नाही. आधी जोडीदारणीला दाखवायचे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे जाणार आहेत. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. आधार कार्ड, पासबुक यांचे फोटो गटात टाकायचे नाहीत. आणि फसवणूक झालीच तर रडत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. तो सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

या आठवड्याचा अभ्यास

मैत्रिणींनो, ऐकून सोडून देऊ नका. या आठवड्यात तीन कामे करा. एक, फोनमध्ये मराठी कीबोर्ड घ्या आणि माइकवर बोलून एक वाक्य लिहा. दोन, ज्या गटात आजवर फक्त अंगठा टाकला, तिथे एक पूर्ण वाक्य लिहा, मराठीत लिहिले तरी चालेल. तीन, न कळलेले पाच शब्द वहीत लिहून बैठकीला आणा.

पिशवी आपण शिवतो. तिला अस्तर आहे की नाही, हे सांगणारा आवाजही आपलाच असू द्या.